दार उघडं नव्हतं

हिराबाय तांडेल आमच्या बोईसरच्या ऑफिसात आल्या तेव्हा त्यांच्या हातात माझ्याच सहीचं पत्र होतं. झेरॉक्स होती ती. घड्या पडून पडून मधोमध विरलेली. त्यांनी ती रिसेप्शनच्या टेबलावर उलगडली आणि सहीवर बोट ठेवलं.

"ही सई कुनाची?"

"माझी," मी म्हटलं.

"तुमी दातिवऱ्याला कवा आलेल्या?"

मी दातिवऱ्याला कधीच गेले नव्हते. तसं सांगितलं.

"मंग तुमाला कसं कललं, मी दार उघडलं ते?"

आवाज चढलेला नव्हता. खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखं त्या विचारत होत्या. पन्नाशी ओलांडलेल्या, चापूनचोपून नेसलेलं लुगडं, पायात रबरी चप्पल. सफाळ्यापर्यंत रिक्षाने आणि तिथून ट्रेनने आल्या होत्या. मी त्यांना आत आणून बसवलं. पाणी दिलं. ते त्यांनी तसंच ठेवलं.

आधी थोडं माझ्या कामाविषयी सांगते, म्हणजे पुढचं समजेल.

मी एम्बेडेड इंजिनिअर आहे. लहान लहान उपकरणांमध्ये जी चिप असते ती निवडायची आणि तिने काय करायचं ते लिहून तिच्यात भरायचं, हे माझं काम. आमची कंपनी लहान आहे, एमआयडीसीत एका गाळ्याच्या वरच्या मजल्यावर. आम्ही वायरलेस सेन्सर बनवतो. काडेपेटीपेक्षा थोडी मोठी डबी, आत एक बोर्ड, बोर्डवर चिप, आणि नाण्यासारखा चपटा सेल. डबी एकदा भिंतीला चिकटवली की सेल न बदलता तिने दोन-तीन वर्षं चालावं, अशी गिऱ्हाइकाची अपेक्षा असते.

एवढ्याशा सेलवर तीन वर्षं काढायची म्हणजे चिपने बहुतेक सगळा वेळ झोपून काढायला हवा. तासातून एकदा उठायचं, तापमान बघायचं, रेडिओवरून निरोप पाठवायचा, परत झोपायचं. म्हणून आम्ही चिप निवडताना ती काम किती वेगाने करते हे फारसं बघत नाही. झोपेत किती कमी खाते, ते बघतो.

या कामासाठी माझ्यापुढे तीन चिप होत्या. एक स्वस्त, पण अधाशी. दुसरी आमच्या नेहमीच्या वापरातली. तिसरी नवी होती. झोपेत ती इतकी कमी वीज घेई की आमच्या मीटरवर आकडा धड दिसत नसे. मी तिसरी घेतली. शिवाय बोर्डवरचा एक मोठा कपॅसिटर काढून टाकला. कपॅसिटर म्हणजे विजेचं छोटं पिंप समजा. रेडिओ सुरू झाला की एकदम जास्त वीज लागते, तेव्हा हे पिंप मदतीला येतं. पण ते जरासं गळतं. ती गळती वाचवली तर सेल आणखी वर्षभर चालतो. आमचे मालक संखे सर यांना मी हिशेब दाखवला. ते खूश झाले. मीही झाले.

ते सेन्सर घेतले दुबेजींनी. बोईसरमध्ये त्यांचा मासळीचा व्यवसाय आहे. किनाऱ्यावरच्या चार गावांत त्यांनी कोल्ड रूम बांधून दिल्या होत्या. गावातल्या बायकांचा गट मासळी ठेवणार, संध्याकाळी दुबेजींची गाडी येऊन ती उचलणार. चारपैकी तीन ठिकाणी नुसता गारवा होता, फ्रिजसारखा. दातिवऱ्याची खोली तेवढी पक्की फ्रीजर होती, शून्याच्या खाली अठरापर्यंत जाणारी. प्रत्येक खोलीत आमची एक डबी होती. ती तासातासाचं तापमान पाठवी आणि दार उघडलं की लगेच वेगळा निरोप पाठवी.

दातिवऱ्याच्या खोलीची चावी हिराबायकडे होती. गटाने एकमताने दिलेली.

एकदा एका हॉटेलने दातिवऱ्याची पापलेटं मऊ लागली म्हणून परत केली. दुबेजींनी कॉम्प्युटरवर नोंदी उघडल्या. दुपारी एक ते चारच्या दरम्यान दार पुन्हा पुन्हा उघडल्याच्या नोंदी होत्या. एकेक मिनिट उघडं, मग बंद. गाव जेवून आडवं होतं ती वेळ. दुबेजींनी मला फोन केला.

"मॅडम, ये रिकॉर्ड सही है ना?"

"हो, सेन्सर नीट चालतोय," मी म्हटलं.

"तो एक लेटर बना दीजिए. गाँव की मीटिंग में दिखाना है."

संखे सर म्हणाले, देऊन टाक. मी कंपनीच्या लेटरहेडवर चार ओळी टाइप केल्या. सदर उपकरणाच्या नोंदी अचूक आहेत, वगैरे. सही केली. त्या पत्राचं पुढे काय होणार हे मी विचारलं नाही. पाच मिनिटांचं काम होतं.

त्या पत्रावरून हिराबायची चावी गेली. सगळ्यांसमोर काढून घेतली. दुपारी दार उघडून म्हावरं परस्पर विकते, असं गावात बोललं जाऊ लागलं. हे सगळं त्यांनी मला त्या दिवशी सांगितलं, थांबत थांबत.

"बाजारला निंगते तवा बायका माज्या पाटीत वाकून बघतात," त्या म्हणाल्या. "बोलत कुनी नाय. बघतात."

मी म्हटलं, "मावशी, नोंदी मी तुम्हाला दाखवते."

लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. तारखा वाचून दाखवल्या. त्या बोटांवर काहीतरी मोजत होत्या.

"ही मंगलवारची. त्या दिशी मी सकाली म्हावरं भरलं आनि पालघरला गेले. बहिनीच्या डोल्याचं आपरेशन होतं. चावी माज्या कमरेला. सांजला गाडीच्या टायमाला परत आले."

"हे तुम्ही मीटिंगमध्ये सांगितलं नाही?"

"सांगलं ना. म्हनाले, दुसरी चावी केली असल."

मी पुढच्या तारखा वाचल्या. त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"ह्या सगल्या उधानाच्या हायेत."

मी पालघरजवळच्या माहीमची. आमच्या घरी वाडी आहे, होडी नाही. पण उधाण आणि भांग मला ठाऊक आहे. अमावस्या-पुनवेच्या आसपास भरतीला जोर असतो, ते उधाण. तेव्हा प्रवाहात रोवून ठेवलेल्या डोलीच्या जाळ्यांना मासळी चांगली लागते. अष्टमीच्या सुमाराला पाणी मंद असतं, तो भांग. तेव्हा खोली जवळपास रिकामी असते.

"भांगाचा एक पन दिस नाय हितं," हिराबाय म्हणाल्या.

"दुबेजी म्हणतील, मासळी असते तेव्हाच दार उघडणार ना."

"म्हननारच," त्या म्हणाल्या. "मी सुदा तेच म्हनले असते."

या वाक्याने मी जरा जागी झाले. मी विचारलं, "मासळी भरता त्या दिवशी तुम्ही खोलीत आणखी काय काय करता? अगदी सगळं सांगा."

त्यांनी क्रमाने सांगितलं. होड्या सकाळी लागतात. नऊपर्यंत टोपल्या आत जातात. मग मशीनचं बटण शेवटपर्यंत फिरवायचं. दार लावून कुलूप घालायचं. गाडी आली की म्हावरं द्यायचं आणि बटण परत अर्ध्यावर आणायचं.

"म्हणजे दुपारी खोली सगळ्यात गार असते?"

"गार म्हंजे? दुपारला हात लावला तर कडी हाताला चिकटते. तुमची ती डबी तर पंख्याच्या समोरच हाय."

दारापाशी ती डबी आमच्या टेक्निशियनने बसवली होती. पंख्याचा झोत थेट तिच्यावर येतो, हे मला त्या दिवशी कळलं.

मी तापमानाचा आलेख परत उघडला. दुबेजींना दिसायचा तो नव्हे. त्याच्यामागचे कच्चे आकडे उघडले. आलेखात रेघ सलग दिसत होती, पण आकड्यांत मधे मधे रिकाम्या जागा होत्या. आमचं सॉफ्टवेअर त्या जागा आपल्या मनाने जोडून घेत होतं. दिसायला बरं दिसतं म्हणून. मी एकेक रिकामी जागा तपासली. तासाचा निरोप आलेला नाही, आणि त्यानंतर काही सेकंदांत 'दार उघडं'. पुढची तारीख. परत तेच. त्याच्या पुढची. तेच.

काय झालं असावं ते मला कळलं होतं, पण अंदाजाच्या भरवशावर एकदा सही करून झाली होती. दुसऱ्यांदा तसं करायचं नव्हतं.

"मावशी, तुमची परतीची गाडी कधी आहे?"

"दुपारची. का?"

"थोडं थांबता? मला एक करून बघायचंय."

"थांबते," त्या म्हणाल्या, आणि ते मघाचं पाणी प्यायल्या.

तशीच एक डबी ऑफिसात कित्येक महिने चालू ठेवलेली होती, टिकते किती ते बघायला. तिच्यात वापरून जुना झालेला सेल होता. मी तिच्यावर चुंबक चिकटपट्टीने घट्ट गुंडाळला. दार बंद आहे की उघडं, हे डबीला त्या चुंबकावरून कळतं. चुंबक जवळ म्हणजे बंद. आता तो हलूच शकत नव्हता. निरोप तासाऐवजी दहा मिनिटांनी जाईल असं केलं आणि खाली कोपऱ्यावरच्या दुकानात गेले. तिथे आइस्क्रीमचा मोठा फ्रीजर आहे. दुकानदाराला म्हटलं, ही डबी आत ठेवायची आहे. त्याने एकदा डबीकडे आणि एकदा हिराबायकडे बघितलं.

"फुटणार तर नाही?"

"नाही."

त्याने फॅमिली पॅकच्या खाली जागा करून दिली.

आम्ही दुकानासमोरच्या बाकावर बसलो. मांडीवर लॅपटॉप. चहा आला. पहिला निरोप आला, बंद. दुसरा, बंद. हिराबाय रस्त्यावरून जाणाऱ्या टँकरकडे बघत होत्या. मधेच म्हणाल्या, त्यांची धाकटी सून इथेच एका कंपनीत पॅकिंगला होती, आता घरीच असते. तिसरा निरोप, बंद. चौथा, बंद. तासभर असाच गेला. मला वाटू लागलं, आपलंच चुकतंय. दुकानदाराला सांगून ठेवलं होतं म्हणून त्याने झाकण उघडलं नव्हतं. एक-दोन गिऱ्हाइकं त्याने परत पाठवली.

मग एक निरोप आलाच नाही. मी स्क्रीनकडे बघत राहिले. काही सेकंदांनी ओळ उमटली.

"काय लिवलंय?" हिराबायने विचारलं.

"दार उघडं."

त्या उठल्या. फ्रीजरपाशी गेल्या. झाकण बंदच होतं. काचेतून आत वाकून बघितलं. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "हितं तर दारच नाय."

घडत होतं ते असं. थंडीत सेल आखडतो. त्याच्यात वीज असते, पण एकदम मागितली तर देता येत नाही. तासाचा निरोप लांबलचक होता. तो पाठवताना रेडिओला बराच वेळ वीज लागे. मदतीचं पिंप मी काढून टाकलेलं. सेल कमी पडला की चिप बंद पडून पुन्हा नव्याने सुरू होई. याला आम्ही रिसेट म्हणतो. रिसेट झालेल्या चिपला आधीचं काही आठवत नाही. दार कसं आहे हे तिने बघून मग सांगायला हवं. पण मी प्रोग्रॅम लिहिताना सुरुवातीला काहीतरी एक धरून चालायचं म्हणून 'उघडं' असं लिहिलं होतं. तर चिप उठल्या उठल्या 'उघडं' असं कळवी. हा निरोप छोटा असल्यामुळे तेवढा निभावून जाई. मग मिनिटभराने दाराची पाहणी होई आणि 'बंद' जाई.

आम्ही चाचणी केली नव्हती असं नाही. तीन दिवस केली होती. ऑफिसच्या फ्रिजमध्ये, दुधाच्या पिशव्यांशेजारी, कोरा सेल घालून.

हिराबायला मी हे जमेल तसं सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं.

"म्हंजे ती झोपेतून दचकून उठते, आनि उठल्यावर कायतरी बरलते."

"हो."

"आनि ते बरलनं तुमी कागदावर लिवून दिलं."

"हो," मी म्हटलं. "चूक माझी आहे. मी तिथे येऊन सांगेन."

गाडीची वेळ झाली होती. मी स्कूटरवर त्यांना स्टेशनला सोडलं.

दोन दिवस मी तीच चाचणी तासाच्या निरोपावर, आहे तशी, पुन्हा केली. तीनदा तेच झालं. मग संखे सरांच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी सगळं ऐकलं आणि खुर्ची मागे ढकलली.

"बोर्ड बदलू. प्रोग्रॅम बदलू. चारही ठिकाणचे सेन्सर नवे देऊ. दुबेजींना सांगू, नवीन व्हर्जन आलं."

"आणि पत्र?"

"पत्राचं कशाला काढतेस? त्यांची पुढच्या गावांची ऑर्डर येतेय. आत्ता आपण म्हणालो की नोंदी चुकीच्या होत्या, तर ते सगळंच परत करतील."

"सर, त्या बाईंच्या पाटीत लोक वाकून बघतात."

सर खिडकीतून बाहेर बघत राहिले. संखे सर वाईट माणूस नाहीत. गाळ्याचं भाडं आणि सोळा जणांचे पगार त्यांच्या डोक्यावर असतात, ते मला कळतं. पण मी उठले नाही. मला वाटतं, उठले असते तर तो विषय तिथेच मिटला असता.

थोड्या वेळाने ते म्हणाले, "पत्र दे म्हणून मीच सांगितलं होतं ना?"

"हो."

"मग नवीन पत्रावर दोघांच्या सह्या घाल. आणि दुबेजींना फोन मी करतो."

फोनवर काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. केबिनचं दार बंद होतं. मात्र त्या रविवारी आम्ही तिघंही दातिवऱ्याला गेलो. दुबेजी आपल्या गाडीने, आम्ही आमच्या.

कोल्ड रूमच्या समोरच्या ओट्यावर पंधरा-वीस बायका जमल्या होत्या. बाजूला बांबूंवर बोंबील वाळत होते. हिराबाय एका टोकाला बसल्या होत्या, बाकीच्यांपासून हातभर लांब. चावी आता चंद्राबाय नावाच्या बाईंकडे होती. त्या ती मुठीत धरून होत्या.

मी पत्र वाचलं. आधीचं पत्र चुकीचं होतं. दार उघडल्याच्या त्या नोंदी उपकरणाच्या दोषामुळे झाल्या. दोष आमचा. हिराबाय तांडेल यांनी दार उघडलं असं म्हणायला कोणताही आधार नाही. मी ते भरभर वाचून संपवलं.

मग दुबेजी उठून हिराबायसमोर गेले आणि त्यांनी हात जोडले.

"ताई, मैंने मशीन पे भरोसा किया. आपसे पूछना चाहिए था. गलती हो गयी."

"तुमी इचारलं होतं," हिराबाय म्हणाल्या. "मी सांगलं पन होतं."

दुबेजींनी मान खाली घातली.

मागून एका बाईने विचारलं, "मंग पापलेटं मऊ कशानं झाली?"

दुबेजी म्हणाले, गाडीतली गारव्याची मशीन तपासायला देतो. पण खरं कारण आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही.

चंद्राबाय उठल्या. त्यांनी चावी हिराबायच्या पुढ्यात ठेवली आणि तिथेच त्यांच्याजवळ टेकल्या. हिराबायने चावी लगेच उचलली नाही. त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बाय, तो कागद परत वाचशील? माजी जाव आत्ता आली. तिनं आयकला नाय."

मी पुन्हा पहिल्यापासून वाचला. या वेळी सावकाश. जाऊबाई पदराला हात पुसत उभ्या उभ्या ऐकत होत्या. वाचून झाल्यावर हिराबायने चावी कमरेला खोचली आणि त्या बटण बघायला आत गेल्या. आम्ही गाडीत बसताना त्यांनी मला कागदात बांधून सुके बोंबील दिले. मी नको म्हटलं. त्यांनी ते सीटवर ठेवले.

पुढचं काम आमच्या बाजूचं होतं. कपॅसिटर बोर्डवर परत बसवला. सेल आता तीनऐवजी दोन वर्षं चालेल, हे दुबेजींना लिहून दिलं. लांब निरोपाचे तुकडे केले. आलेखातल्या रिकाम्या जागा रिकाम्याच दाखवायला लागलो. आणि दाराच्या दोन अवस्था होत्या, उघडं आणि बंद, तिथे तिसरी घातली: माहीत नाही. चिप उठली की आता ती आधी हेच सांगते, आणि दार स्वतः बघितल्यावर पुढचं.

ऑर्डर पूर्ण रद्द झाली नाही, पण निम्मी झाली. संखे सरांनी त्याबद्दल मला एकदाही ऐकवलं नाही. दुबेजींचा मात्र मधून मधून फोन येतो.

"मॅडम, पहले वाली मशीन सब जानती थी. ये तो बार बार बोलती है, माहीत नाही."

"बोलू द्या," मी म्हणते.

इतकी वर्षं मी चिपला झोपवायला शिकत आले. त्यात आता माझा हात चांगला बसला आहे. पण उठल्यावर तिने पहिला शब्द कोणता बोलावा, हे ठरवायला मी आता त्याहून जास्त वेळ घेते.